मोटार विमा : कायद्याची सक्ती आणि आपली गरज

वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्यांच्या घरी विम्याच्या कागदांची उणीव नसते. आयुर्विमा असतो, आरोग्यविमा असतो, दवाखान्याच्या इमारतीचा व यंत्रसामग्रीचा विमा असतो, आणि अलीकडे व्यावसायिक निष्काळजीपणाच्या दाव्यांपासून संरक्षण देणारा विमाही बहुतेकांनी घेतलेला असतो. या सर्वांत कमीत कमी वाचला जाणारा कागद म्हणजे मोटारीच्या विम्याचा. वर्षातून एकदा एजंटचा फोन येतो, "डॉक्टर साहब, रिन्यूअल आ गया है," आपण ओ.पी.डी.च्या गर्दीत "कर दीजिए" म्हणतो आणि रक्कम भरून मोकळे होतो. त्या रकमेत कोणाचे संरक्षण विकत घेतले आणि कोणाचे राहून गेले, हे पाहण्याचा प्रसंग अपघातानंतरच येतो.

माझे क्षेत्र अस्थिरोगाचे. अपघातात जायबंदी झालेल्यांवर उपचार करणे आणि पुढे मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे त्यांच्या अपंगत्वाविषयी साक्ष देणे, या दोन्ही निमित्तांनी या विषयाशी माझा दीर्घकाळ संबंध आला. मी कायद्याचा पदवीधर नाही. परंतु साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून वकिलांच्या प्रश्नांना उत्तरे देताना जो अभ्यास करावा लागला, तो आपणा सर्वांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कायदा ज्या विम्याची सक्ती करतो, तो विमा प्रामुख्याने आपल्या गाडीसाठी नाही आणि आपल्यासाठीही नाही. आपल्या गाडीने ज्याला इजा होईल, त्या अनोळखी माणसासाठी तो आहे. आपल्यासाठी, आपल्या कुटुंबीयांसाठी आणि आपल्या गाडीसाठी जे संरक्षण हवे ते समजून उमजून वेगळे घ्यावे लागते. "गाडीचा विमा आहे" या तीन शब्दांत ही दोन्ही प्रकारची संरक्षणे एकत्र कालवली जातात आणि तेथेच पुढील मनस्तापाचे बीज पडते.

तिसरा माणूस

विम्याचा करार दोघांत होतो, गाडीचा मालक आणि विमा कंपनी. या करारावर ज्याची सही नाही आणि ज्याला त्याची गंधवार्ताही नाही, असा रस्त्यावरचा माणूस तो तिसरा. म्हणून त्यास 'थर्ड पार्टी' म्हणावयाचे. इंग्लंडमध्ये १९३० च्या कायद्याने या तिसऱ्या माणसासाठी विमा सक्तीचा झाला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद होती, मात्र तिचा अंमल १ जुलै १९४६ पासून सुरू झाला. आज लागू असलेला कायदा १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १४६ प्रमाणे असा विमा नसलेली गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवणे अथवा दुसऱ्यास चालवू देणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड, अशी शिक्षा कलम १९६ मध्ये आहे.

दंडाची ही रक्कम पाहून कोणी निर्धास्त होऊ नये. खरा दंड निराळाच आहे, आणि तो समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल.

अपघातात मृत्यू आल्यास भरपाई कशी मोजावी, याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा खटल्यात आणि ३१ ऑक्टोबर २०१७ च्या प्रणय सेठी खटल्यात घालून दिली. समजा, ३८ वर्षांचा एक माणूस आहे. न्यू मार्केटमध्ये त्याचे छोटे दुकान आहे आणि कर वजा जाता महिन्याला ६०,००० रुपये त्याच्या हाती पडतात. घरी पत्नी, दोन मुले व आई. वार्षिक उत्पन्न झाले ७ लाख २० हजार. तो स्वयंरोजगारी आणि चाळिशीच्या आतला, म्हणून भावी वाढीपोटी त्यात ४० टक्के मिळवावयाचे. झाले १० लाख ८० हजार नव्हे, १० लाख ८ हजार. (हाताने हिशेब करताना येथे चूक होण्याचा संभव असतो, म्हणून मुद्दाम लिहिले.) अवलंबून असलेली माणसे चार, तेव्हा त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा, उरले ७ लाख ५६ हजार. त्याच्या वयाला गुणक १५. गुणाकार १ कोटी १३ लाख ४० हजार रुपये. यावर अंत्यसंस्काराचा खर्च, पतीचे व पित्याचे सान्निध्य गमावल्याबद्दलची ठरावीक रक्कम, आणि अर्ज केल्यापासूनचे व्याज.

हा माणूस एखाद्या पावसाळी संध्याकाळी कोलार रोडवर आपल्या गाडीखाली आला, असे क्षणभर कल्पावे. गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू असेल तर ही सारी रक्कम विमा कंपनी भरते. मृत्यू व शारीरिक इजा यांबाबतच्या तिच्या जबाबदारीस रकमेची मर्यादा नाही. प्राधिकरण जी रक्कम ठरवील ती. विम्याची मुदत आदल्या दिवशी संपलेली असेल तर हीच रक्कम गाडीच्या मालकाने स्वतःच्या घरादारातून भरावयाची. आता या संरक्षणाची किंमत पाहा. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १,००० सी.सी.पर्यंतच्या खासगी मोटारीस वर्षाला २,०९४ रुपये, १,५०० सी.सी.पर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये, अधिक जी.एस.टी. ७५ ते १५० सी.सी.च्या स्कूटर-मोटारसायकलींस अवघे ७१४ रुपये. हे दर सरकार ठरवते, त्यामुळे कोणत्याही कंपनीकडे गेले तरी ते सारखेच. एजंटाशी घासाघीस करण्यास येथे वाव नाही.

दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीस मात्र मर्यादा आहे. खासगी मोटारीसाठी ती साधारणतः साडेसात लाख रुपये व दुचाकीसाठी एक लाख रुपये असते. थोडा हप्ता वाचवून ती ६,००० रुपयांवर आणण्याची सोय विमापत्रात असते. ती कोणीही स्वीकारू नये. एका महागड्या गाडीचा दिवाही त्या पैशांत येत नाही.

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत, म्हणून तुलनेदाखल सांगतो. तेथे हा विषय प्रत्येक राज्याचा स्वतंत्र. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून किमान सक्ती एका जखमी माणसामागे ३०,००० डॉलर, एका अपघातामागे ६०,००० डॉलर व मालमत्तेसाठी १५,००० डॉलर इतकी आहे. त्याआधी ती माणशी १५,००० होती. न्यू हॅम्पशायर राज्यात तर सर्वसामान्य चालकास विम्याची सक्तीच नाही. किमान मर्यादेपेक्षा अधिक भरपाई द्यावी लागली तर फरक चालकाच्या माथी. आपल्याकडे कायदा केंद्राचा, साऱ्या देशास एक. एम.पी. ०४ क्रमांकाची गाडी घेऊन आपण होशंगाबाद, बैतुल, मुलताई, पांढुर्णा करीत नागपुरास सणासुदीला जातो, तेव्हा राज्याची सीमा ओलांडल्याने थर्ड पार्टी विम्यात काडीचाही फरक पडत नाही. मुलाकडे गेल्यावर त्याची गाडी चालवण्याची हौस असलेल्या मंडळींनी मात्र तेथील राज्याची रक्कम आणि त्या विम्यात आपले नाव आहे किंवा कसे, हे आधी विचारून घ्यावे.

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबरपासून नव्या मोटारीस तीन वर्षांचा व नव्या दुचाकीस पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागू लागला. कारण उघड होते. पहिले वर्ष सरले की दुचाकीचा विमा पुन्हा उतरवण्याचे लोक विसरतात.

डॉक्टरांच्या लेखणीचे वजन

२०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. अपघातांच्या संख्येत तमिळनाडूखालोखाल आपले मध्य प्रदेश राज्य होते. येथे ५४,४३२ अपघात नोंदले गेले. यांतील किती जखमी आपल्या हाताखालून गेले असतील, याचा विचार प्रत्येकाने करावा. भरपाईच्या दाव्यात या जखमींचा मुख्य पुरावा म्हणजे आपण लिहिलेले कागद : एम.एल.सी.तील पहिली नोंद, डिस्चार्ज कार्ड, बिले आणि अपंगत्वाचा दाखला.

अपंगत्वाच्या दाखल्यापाशी मी थोडा रेंगाळणार आहे, कारण येथे आपल्या व्यवसायबंधूंची हमखास भंबेरी उडते. विमा कंपनीचा वकील अत्यंत नम्रपणे विचारतो, "डॉक्टर साहब, यह चालीस प्रतिशत पूरे शरीर का है या केवल इस पैर का?" दाखल्यात ते लिहिलेले नसते. साक्षीदार घुटमळतो आणि त्या घुटमळण्याची किंमत बाहेर बाकावर बसलेला, कुबड्या टेकून आलेला माणूस मोजतो.

१८ ऑक्टोबर २०१० रोजी राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हा विषय फार सुबोध रीतीने मांडला आहे. एका अवयवाचे अपंगत्व, त्याचा संपूर्ण शरीराच्या दृष्टीने होणारा परिणाम आणि कमाईच्या शक्तीची हानी, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गमावलेला माणूस चालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते. तोच माणूस सरकारी कार्यालयात कारकून असेल तर कदाचित त्याची नोकरी टिकूनही राहते. त्या खटल्यातील दावेदाराच्या डाव्या पायाचे अपंगत्व ४५ टक्के होते. न्यायालयाने संपूर्ण शरीराच्या दृष्टीने ते २५ टक्के आणि कमाईची हानी २० टक्के धरली. डॉक्टरने पहिल्या दोन गोष्टी सांगावयाच्या; तिसरी ठरवणे हे प्राधिकरणाचे काम. म्हणून दाखल्यात अवयवाचे प्रमाण व शरीराचे प्रमाण स्वतंत्रपणे लिहावे, आणि रुग्ण काय करू शकतो व काय करू शकत नाही हे साध्या वाक्यांत नोंदवावे. उकिडवे बसता येत नाही, शिडी चढता येत नाही, दहा किलोंपेक्षा अधिक ओझे उचलता येत नाही. या तीन वाक्यांनी न्यायाधीशांना जेवढे कळते तेवढे नुसत्या टक्क्यांनी कळत नाही. उदारपणे टक्के वाढवून दिल्याने रुग्णाचे भले होते, अशी समजूत काही ठिकाणी दिसते. उलटतपासणीत तो फुगवटा फुटला की संपूर्ण दाखलाच संशयास्पद ठरतो.

जखमीस दारातून परत न पाठवण्याचे बंधन तर विम्याच्याही आधीचे आहे. एका स्कूटरस्वारास मोटारीने उडवले, जवळच्या रुग्णालयाने 'मेडिको-लीगल केस येथे घेत नाही' म्हणून दूरच्या रुग्णालयाचा रस्ता दाखवला आणि तो वाटेतच गेला. या बातमीवरून परमानंद कटारा यांनी केलेल्या याचिकेवर २८ ऑगस्ट १९८९ रोजी निकाल झाला : सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने प्रथम प्राण वाचवावेत, कागदपत्रे मागाहून. पैसे कोण देणार, हा प्रश्न मात्र तीन दशके तसाच लोंबकळत राहिला. आता ५ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने अपघातग्रस्तांसाठी रोकडविरहित उपचारांची योजना अधिसूचित केली आहे. निर्देशित रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून जास्तीत जास्त सात दिवस, माणशी दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार तीत मिळतात. निर्देशित नसलेल्या रुग्णालयात प्रकृती स्थिर करण्यापुरते. धडक देणाऱ्या गाडीचा विमा होता की नव्हता, यावर जखमीचा हक्क अवलंबून नाही. आपले नर्सिंग होम या यादीत आहे किंवा नाही, हे त्याच्या चालकांनी स्वतःहून पाहावे.

धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाच्या बाबतीत १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूस २ लाख व गंभीर दुखापतीस ५० हजार रुपये मिळण्याची सोय आहे. रक्कम अपुरी आहे हे खरे, परंतु ती मिळते हेच पुष्कळ नातेवाइकांना ठाऊक नसते. डिस्चार्ज देताना आपण एवढे सांगितले तरी त्यांचे काम होते.

मग आपले काय?

गाडी दुभाजकावर आदळली आणि चालवणारा मालक स्वतःच जखमी झाला, तर थर्ड पार्टी विम्यातून त्यास काही मिळत नाही. कारण तो तिसरा नव्हे, करारातील दुसराच. त्याच्यासाठी 'मालक-चालक वैयक्तिक अपघात विमा' असतो. २०१८ पर्यंत त्याची रक्कम मोटारीस २ लाख व दुचाकीस १ लाख इतकी क्षुल्लक होती. त्या वर्षी ती १५ लाख करण्यात आली आणि जानेवारी २०१९ पासून हा विमा स्वतंत्रपणेही घेता येऊ लागला. दोन गाड्या असल्या तरी तो एकदाच पुरतो.

आपल्या व्यवसायात येथे एक खाचखळगा आहे. करसवलतीसाठी अनेकजण गाडी नर्सिंग होमच्या भागीदारी संस्थेच्या वा खासगी कंपनीच्या नावे घेतात. गाडीचा मालक संस्था असेल तर मालक-चालक विमा देताच येत नाही, कारण संस्था गाडी चालवत नाही! हप्त्याच्या पावतीत ती ओळ कोरी असते आणि रात्री-अपरात्री इमर्जन्सीसाठी तीच गाडी हाकणारे डॉक्टरसाहेब उघडे पडतात. अशांनी स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा, आणि तोही आपल्या मिळकतीच्या प्रमाणात, अवश्य घ्यावा.

मित्राची गाडी मागून नेणाऱ्याचीही गत अशीच. २००९ च्या निंगम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की उसनी गाडी नेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो. तेव्हा तो तिसरा होत नाही.

शेजारी बसलेली पत्नी आणि मागे बसलेली आई यांचे काय, हा प्रश्न मी विचारला की बहुतेकजण 'त्या तर विम्यात आहेतच' असे उत्तर देतात. खासगी गाडीवर केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर त्या त्यात नाहीत. दुचाकीवर मागे बसलेल्याविषयी २००६ च्या तिलकसिंग खटल्यात हेच ठरले. सर्वसमावेशक, म्हणजे ज्यास 'पॅकेज' किंवा बोलीभाषेत 'फुल इन्शुरन्स' म्हणतात तो असेल, तर गाडीतील प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येते. २०१२ च्या बालकृष्णन खटल्याने ते स्पष्ट केले. जुनी झाली म्हणून गाडीचा 'फुल' विमा बंद करून फक्त थर्ड पार्टी ठेवणाऱ्यांनी वाचवलेल्या हप्त्याबरोबर कोणाचे संरक्षण काढून घेतले, हे लक्षात घ्यावे. माझ्या मते कुटुंबासह प्रवास होणाऱ्या गाडीवर तो बंद करणे ही काटकसर नव्हे. पगारी चालक ठेवणाऱ्यांनी त्याच्याविषयीच्या कायदेशीर जबाबदारीचा भाग पन्नासेक रुपये जादा भरून जोडून घ्यावा.

गाडीचे स्वतःचे नुकसान

हा भाग सक्तीचा नाही आणि एजंटाचे सारे बोलणे मात्र याच भागाविषयी असते. आग, चोरी, दंगल, भूकंप, पूर, वादळ, गारपीट, अपघात, यांमुळे गाडीचे झालेले नुकसान यातून भरून मिळते. १ जानेवारी २००७ पासून याचे दर खुले झाले, त्यामुळे येथे तुलना करून घेणे शहाणपणाचे. सप्टेंबर २०१९ पासून थर्ड पार्टी एका कंपनीचा व स्वतःच्या नुकसानीचा दुसऱ्या कंपनीचा, असेही करता येते. जुन्या दरपत्रकात मुंबई, पुणे, दिल्ली आदी आठ महानगरे 'अ' विभागात व भोपाळसह उर्वरित देश 'ब' विभागात होता.

विम्याची रक्कम, म्हणजे आय.डी.व्ही., हे गाडीचे कागदोपत्री आजचे मोल. पहिल्या सहा महिन्यांत त्यातून ५ टक्के, वर्ष होईतो १५, मग २०, ३०, ४० आणि पाच वर्षे होईपर्यंत ५० टक्के घसारा वजा होतो. हप्ता कमी दिसावा म्हणून ती रक्कम खाली ओढण्याची युक्ती केली जाते. गाडी चोरीस गेली म्हणजे तिचा अर्थ कळतो. दुरुस्तीचा खर्च या रकमेच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाल्यास गाडी पूर्ण निकामी समजतात. दुरुस्तीतही प्लास्टिक, रबर, टायर व बॅटरी यांची निम्मीच किंमत मिळते. आजकालच्या गाडीचा बंपर म्हणजे सारा प्लास्टिकचाच कारभार. म्हणून पहिली चार-पाच वर्षे 'झिरो डेप'ची जोड घेतलेली बरी.

भोपाळकरांसाठी याहून महत्त्वाची जोड इंजिन संरक्षणाची. २०१६ च्या जुलैतील अतिवृष्टीत आपल्या शहरातील कित्येक वस्त्यांत पाणी शिरले होते, ते विसरण्याजोगे नाही. पुराचे नुकसान विम्यात येते. परंतु पाण्यात बंद पडलेली गाडी चालकाने पुन्हा किल्ली फिरवून सुरू करण्याचा यत्न केला, पाणी सिलिंडरमध्ये शिरले आणि इंजिन मोडले, तर ते 'परिणामी नुकसान' ठरून दावा नाकारला जातो. गाडी पाण्यात बंद पडली की किल्ली काढावी, फोटो घ्यावेत आणि ती ओढून न्यावी.

दावा न केलेल्या वर्षांबद्दल मिळणारी सूट, एन.सी.बी., २० टक्क्यांपासून पाचव्या वर्षी ५० टक्क्यांपर्यंत चढते. ती गाडीची नसून मालकाची असते, नव्या गाडीवर नेता येते; परंतु मुदत संपल्यावर ९० दिवस उलटले की शून्य. किरकोळ डेंटिंग-पेंटिंगसाठी दावा करण्याआधी ही सूट किती जाईल ते मोजावे.

कंपनी देते आणि आपल्याकडून वसूल करते

विमा आहे तरी तो आपल्या कामास येत नाही, असे काही प्रसंग आहेत. चालकाकडे वैध परवाना नसेल, तर २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यापासून रूढ झालेल्या रीतीप्रमाणे प्राधिकरण पुष्कळदा कंपनीस जखमीचे पैसे भरावयास लावते. आणि मालकाने जाणूनबुजून वा हलगर्जीपणाने अशा हाती गाडी दिली असे सिद्ध झाले, तर कंपनी ती रक्कम मालकाकडून वसूल करते. सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती कोचिंग क्लाससाठी स्कूटर देणाऱ्या पालकांनी हे ध्यानी घ्यावे. २०१९ च्या दुरुस्तीने पालकास अथवा मालकास ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, अशी शिक्षाही कलम १९९-अ मध्ये घातली आहे. मद्यपानाची गोष्ट वेगळी सांगावयास नको; रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यांश ही कायद्याची सीमा, आणि तो नमुना घेणारे आपणच. खासगी नोंदणीच्या व्हॅनमधून भाडे घेऊन रुग्णांची ने-आण करणे हेही विमापत्राच्या अटींचे उल्लंघन आहे.

दावेदारांसाठी दोन गोष्टी. अपघात कोठेही झाला असला तरी दावा आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येतो. बैतुलजवळ अपघात झाला तर भोपाळच्या रहिवाशाने बैतुलच्या खेपा घालण्याचे कारण नाही. आणि १ एप्रिल २०२२ पासून अर्जास सहा महिन्यांची मुदत कायद्यात आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, तरी रुग्णास 'बरे झाल्यावर पाहू' असे सांगण्यापेक्षा वकिलाकडे लवकर धाडावे.

शेवटी जुन्या गाडीविषयी, कारण हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. डॉक्टर नवी गाडी घेतात आणि जुनी स्कूटर कंपाउंडरला नाममात्र किमतीत, कधी बक्षीस म्हणूनही, देऊन टाकतात. कागद तसेच राहतात. दोन वर्षांनी तो ती मेहुण्याला देतो, विम्याची मुदत संपते, आणि एके दिवशी बैरसिया रोडवर कोणी तरी त्या स्कूटरखाली येतो. नोटीस येते ती डॉक्टरांच्या पत्त्यावर. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार खटल्यात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेलेली होती. तरी नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. विकल्याची साध्या कागदावरची चिठ्ठी तेथे तारत नाही. फॉर्म २९ व ३० भरून आर.टी.ओ.त नाव बदलून घ्यावे लागते. घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीस कळवून विमापत्र आपल्या नावे करून घ्यावयाचे असते. थर्ड पार्टी भाग कायद्याने आपोआप त्याच्याकडे जातो, स्वतःच्या नुकसानीचा भाग जात नाही. माझ्या परिचयाचे एक ज्येष्ठ सर्जन या बाबतीत फार कडक आहेत. नव्या आर.सी.ची प्रत टेबलावर येईपर्यंत ते जुन्या गाडीची किल्ली कोणाच्याही हाती देत नाहीत, मग घेणारा सख्खा पुतण्या का असेना.